फौजीची कंबर

आमच्या ओट्यावर बसण्याआधी तो समोरच्या खिडक्या न्याहाळायचा. कुणी दिसलं की हात कंबरेवर जायचा. नाही दिसलं, की खुशाल मांडी घालून बसायचा. नांदेडच्या आमच्या गल्लीत सगळे त्याला फौजी म्हणत, आणि त्याच्या दुखण्यावर विश्वास कुणाचाच नव्हता.

फौजेत असताना त्याची गाडी दरीत कोसळली. कंबरेला मार बसला म्हणून घरी पाठवलं, थोडी पेन्शन लागली. आता कुठलंच काम टिकत नव्हतं, म्हणून ती वाढवून हवी होती. तुमच्या या आजीचं इंग्रजी बरं, म्हणून अर्ज लिहायला माझ्याकडे यायचा.

पण मुलांनो, समोरच्या भाभींनी त्याला भरलेलं सिलिंडर खांद्यावरून नेताना पाहिलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "भाभीला कोनी पाठवलंय ते बघा आधी, बाई." मीटर बघायला येणारा माणूसही त्याला पेन्शन ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाचा हेर वाटायचा.

एटीएमवरची रखवाली सुटली, मग कॉलेजच्या गेटवरची. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, "कंबर. कंबरच लिहा." मला काही ते पटेना. शेवटी मी पेन खाली ठेवलं. खरं सांगितल्याशिवाय पुढे लिहिणार नाही म्हटलं.

त्याची आईवेगळी मुलगी सोबत होती, नर्सिंग शिकलेली. ती म्हणाली, "बाई, पप्पाला फिट येतेत. त्याच अपघातात डोक्याला लागलं व्हतं. गेटवर दोनदा पडले, म्हणून काढलं."

"गप बस. रविवारी लोह्याचे पाहुणे येऊन राहिलेत तुला बघायला. रोग घराण्यातच हाय म्हणतील."

"त्यांना मी कालच फोनवर सांगितलं."

"मंग?"

"येत न्हाईत ते."

फौजी उठून आत पाणी प्यायला गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा उभ्यानंच म्हणाला, "लिहा बाई, फिट लिहा. पन पोरीचं नाव नका घालू त्यात."

साक्षीदार म्हणून खाली सही तिनंच केली.

पुण्याच्या बोर्डानं पेन्शन वाढवली. मुलीला लातूरला नोकरी लागली, तशी दोघं तिकडे गेली. गल्लीत अजून म्हणतात, चांगला धडधाकट माणूस, सरकारला गंडवून गेला.

मुलगी अधूनमधून फोन करते. वडिलांच्या गोळ्यांचं सांगते, तिथल्या पाण्याच्या टँकरचं सांगते. लग्नाचं मी विचारत नाही.