समोरच्या घरातली शाळा

आंबिवलीच्या आमच्या चाळीत समोरच्या काकूंना सहा मुलं आहेत, पण एकही शाळेत जात नाही. काकू त्यांना घरीच शिकवतात, पोळ्या लाटता लाटता. पोळपाटावर लाटण्याचा एक ठोका पडला की मुलं पुढचं गणित घेतात. दोन पडले की थोरली उठून पाळणा हलवते. कुणी मान वर करत नाही. आधी मला याचं कौतुक वाटायचं. हल्ली त्या दारासमोरून जाताना मी नकळत चपला हातात घेते.

"शाळेत पोरं परकी होतात गं," काकू म्हणतात. "तूच बघ ना, कॉलेजला जायला लागल्यापासून आईशी किती बोलतेस?" आमच्या घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली.

मागच्या आठवड्यात थोरलीने नळावर हळूच विचारलं, "ताई, दहावी बाहेरून देता येते का?" मी कल्याणला चौकशी केली आणि काल दुपारी सांगायला गेले.

"देता येते. तुझं वयही बसतंय."

तिने कणकेतून हात काढले नाहीत. "नको ताई. मी अभ्यासाला बसले तर धाकट्यांचं कोण बघणार?"

आवाज तिचा होता, बोलण्याची लकब काकूंची. मी आत पाहिलं. काकू भिंतीला टेकून भाजी निवडत होत्या. त्यांचे ओठ तेच शब्द म्हणत होते, न बोलता, तिच्या किंचित आधी.