दोन अंगणांमधली टोपली

अहेरीतल्या आमच्या शेजारच्या चुडीवाल्या चाचांनी जितके हात हातात घेतले असतील, तितके एखाद्या पुढाऱ्याने निवडणुकीतसुद्धा घेतले नसतील. धरलेला हात बोलणं संपेपर्यंत ते सोडत नाहीत. एकदा नाक्यावर झडती घेणाऱ्या नव्या जवानाला, टोपलीत काचेशिवाय काही नाही हे पटवताना त्यांनी त्याच्याच मनगटात हिरवी बांगडी चढवली. ती निघेना. साबण येईपर्यंत चाचांनी त्याच्या आईची, गावाची, पगाराची चौकशी केली आणि वर म्हणाले, "शोभून राह्यली बेटा, राहू दे."

आमचा वाद एकच. जंगलात पोलिसांचे नवे कॅम्प झाले, जवान वाढले, आता नक्षल्यांचं सगळं मिटेल, असं मी ओसरीवर बसून सांगायचो. ज्या गावांत कधी पाऊल ठेवलं नव्हतं त्यांच्याबद्दल इतक्या खात्रीने बोलायचो, हे आठवलं की आजही मान खाली जाते. चाचा कॅम्पला नावं ठेवत नसत. "त्याइच्यामुळेच तं मी जंगलातून बिनधास्त फिरून राह्यलो, भाऊ. पण दोन अंगणांच्या मधात कॅम्प कुठी टाकाल?"

ती अंगणं दाखवायला त्यांनी मला नेलं. एका घरच्या बाईचा भाऊ नक्षल्यांच्या दलमने, म्हणजे बंदूकधारी टोळीने, पोलिसांचा खबरी ठरवून मारला होता. शेजारची मुलगी त्याच दलममधून आत्मसमर्पण करून परतली होती. कॅम्प झाल्यापासून गावात गोळी वाजली नव्हती, पण या दोन घरांत शब्दही नव्हता. चाचा टोपली बरोबर दोन्ही अंगणांच्या मधोमध मांडत आणि बहुतेकदा काही न विकता उठत. त्या दिवशी मुलगी लग्नाच्या बांगड्या भरायला बसली. थोड्या वेळाने ती बाईही आली, मुलीकडे पाठ करून बसली आणि तिने हात पुढे केला. नजरेनेच माप ओळखणारे चाचा एकामागून एक चुकीच्या बांगड्या काढत राहिले.

"चाचा, डोळे गेले काय तुमचे?"

"बुढापा, बाई. बसा जराशा."

मुलीने पाणी आणलं. बाईने तांब्याला हात लावला नाही. परतताना मी म्हणालो, जमलं नाही. "उठून तं गेली नाई," चाचा म्हणाले.

मुलगी सासरी गेली. चाचांचे गुडघेही गेले. टोपली आता मी उचलतो. परवा त्या बाईने बांगड्या भरता भरता विचारलं, "त्या पोरीच्या सासरी जाता काय कधी?"

"जातो ना," चाचा म्हणाले.

ते गाव त्यांनी पाहिलेलंही नाही. डोंगरापलीकडे आहे म्हणतात. पुढच्या आठवड्यात आम्ही निघतोय.