टाचणीमावशी बापाला भेटायला जाते

टाचणीमावशी आयुष्यभर तोंडात टाचण्या धरून बोलली. गिऱ्हाइकांना निम्मं कळायचं, उरलेल्यावर ते नुसत्या माना डोलवायचे. शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण बोलणं कायम अर्धवट. तिची एकच हौस राहिली होती. ती पोटात असताना बाप लढाईवर गेला आणि सातासमुद्रापार तिकडेच पुरला गेला. त्याच्यासमोर उभं राहून एकदा सगळं मोकळ्या तोंडाने सांगायचं होतं.

ऐंशीच्या घरात आल्यावर लेक-जावयाने तिला विमानात बसवलं.

सैनिकांच्या त्या दफनभूमीत सगळे दगड एकाच कापातले, पांढरे, दोऱ्यात धरल्यासारखे सरळ. फाटकाशीच मावशीने चष्मा काढला.

"आई, दिसेल का तुला?" लेक म्हणाली.

"मला नाही दिसलं तरी चालेल. बाबा मला पहिल्यांदाच बघणार. चष्म्यात मी म्हातारी दिसते."

"तू म्हातारीच आहेस!"

"तू गप गं."

लेक माळ्याला रांग विचारायला वळली, तोवर मावशी एका दगडापुढे सुरूसुद्धा झाली. आईने मशीन चालवून घर कसं ओढलं, बाबांचा जाड कोट उसवून तिला फ्रॉक कसा शिवला, नवरा कसा घोरायचा, सगळं सांगितलं. "जावई स्वभावाने सोनं, पण खांदे बघा! उतारच नुसता. एक कोट बसेल तर शपथ!" मागे उभ्या जावयाने खांदे ताठ केले. मावशी रडली, भांडली, घसा बसेपर्यंत बोलली.

लेक धापा टाकत आली. "आई! हे आजोबा नव्हेत! आजोबा पलीकडे!"

"अगं बाई! मग मघापासून हा कोण ऐकतोय?"

"कुणीतरी एकोणीस वर्षांचा."

"बिचारा! हूं की चूं केलं नाही." मावशीने त्या दगडाची माफी मागितली आणि शेजारी सरकली. तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

"पाणी घ्या," जावई म्हणाला, "आणि पहिल्यापासून सांगा. खांदे वगळलेत तरी चालेल."

मावशीने नकारार्थी मान हलवली. दगडाच्या वरच्या कडेवरून बोटं फिरवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, सगळं शेजारी सांगून झालंय. पोरगा गुणी आहे, एकदाही मधे बोलला नाही. त्याच्याकडून ऐकून घ्या. काही अडलं तर विचारा, मी आहे इथेच."

आणि तिने गवतावर बसकण मारली.