अडलंबाई टेबलावर चढतात

गल्लीत त्यांना अडलंबाई म्हणतात. तोंडावर नव्हे हं, जीव कुणाला नकोसा झालाय? गणित शिकवताना "कळलं का?" असं त्या कधी विचारत नाहीत, त्याला पोरं "हो" म्हणून मोकळी होतात. त्या विचारतात, "कुठे अडलं?" आणि उत्तर मिळेपर्यंत जागच्या हलत नाहीत.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण नव्या हेडमास्तरांनी सुट्टीत एक सिनेमा पाहिला आणि ते भारावून गेले.

"बाई, त्यातला मास्तर काय शिकवतो! एका गाण्यात अख्खा वर्ग हुशार. उद्या तुमच्या सातवीच्या तासाला येऊन बसतो. तसं काही दिसलं तर ठीक, नाहीतर सातवी गिटारवाल्या सरांना देऊ."

सातवी म्हणजे बाईंचा जीव की प्राण. संध्याकाळी चहा गाळता गाळता त्यांनी नवऱ्याला विचारलं,

"अहो, सिनेमातला मास्तर करतो तरी काय?"

"पुस्तक फेकतो, टेबलावर चढतो, भाषण ठोकतो," नवरा म्हणाला. "पेपर तपासताना मात्र कधी दिसला नाही. घसाही बसत नाही मेल्याचा. तू चढ खुशाल, पण गुडघ्यांना आधी विचार."

दुसऱ्या दिवशी बाई चपला काढून खरोखर चढल्या. "मुलांनो, स्वप्नं बघा..." पुढचं काही आठवेना. मागच्या बाकावर हेडमास्तर सरसावून बसले. बाईंच्या तोंडून सवयीनं निघालं, "कुठे अडलं?"

एक मुलगी उठली. "बाई, तुम्ही वर चढलात तिथे."

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या आणि तिचाच हात धरून खाली उतरल्या. "आणि त्याआधी?"

"अर्ध्याला पावानं भागलं की उत्तर दोन. भागल्यावर वाढलं कसं?"

बाईंनी खडू मोडला. "हा अर्धा. यात पाव खडू किती बसतात?" पुन्हा मोडून दाखवला. निम्म्या वर्गाचे चेहरे उजळले. उरलेल्यांसाठी बाईंनी कागद दुमडला, मग फळ्यावर रेघ आखली. तेच पुन्हा पुन्हा, पण दरवेळी नव्यानं, कपाळाला एक आठी न घालता. बाकाबाकाशी वाकत त्या शेवटच्या बाकापर्यंत पोचल्या.

"तुमचं कुठे अडलं?"

"टाळ्या कुठे वाजवायच्या, तिथे," हेडमास्तर म्हणाले. "सातवी राहू दे तुमच्याकडेच. टेबलावर मात्र चढू नका बाई, ते शाळेचं आहे."