जोडी सुटते त्या टोकाला

माणिक गेला आणि जिल्ह्यातल्या मुक्या जनावरांचा वाली हरपला, असं शोकसभेत एकामागून एक वक्त्यांनी सांगितलं. जनावरांचं मत कुणी घेतलं नव्हतं. जी त्याला ओळखत होती, ती तो लांबून दिसला तरी दावं तोडायला बघायची. कारण आमचा माणिक, म्हणजे गुरांचे निवृत्त सरकारी डॉक्टर माणिकराव, गोठ्यात शिरायचा तो सुई घेऊनच. वक्ते मात्र गहिवरले होते. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बैलजोड्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळतात, आणि माणिकचं शेवटचं भांडण त्या पटाशीच होतं.

कुसुमवहिनींचा फोन आला तेव्हा मी नरसीच्या रस्त्यावर रसवंतीपाशी उभा होतो. "भाऊजी, डॉक्टर गेले," त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्या आयुष्यभर डॉक्टरच म्हणत आल्या. मग म्हणाल्या, "आता त्या तारखेचं कसं करायचं?" तारीख कोर्टाची होती. माणिकची साक्ष व्हायची होती. याला आता महिना उलटून गेला.

आम्ही कनेरगाव नाक्याच्या अलीकडच्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. माणिक हुशार होता, तापट होता, आणि त्याला सत्काराची भारी आवड होती. शाल, नारळ आणि फेटा दिसला की तो तापटपणा विसरायचा. बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठली, अटी घालून परवानगी मिळू लागली, तेव्हा गावचा पट पुन्हा सुरू झाला. बैलाला मारायचं नाही, खिळा टोचायचा नाही, विजेचा झटका द्यायचा नाही, अशा त्या अटी. त्या पाळल्या जातात का हे बघायला जाणता माणूस हवा, म्हणून माणिकचा चुलत पुतण्या सुदाम त्याच्याकडे आला. सुदाम पटाचा मुख्य आयोजक. त्याने काकांना देखरेखीचं काम दिलं आणि त्याच दमात प्रमुख पाहुणाही केलं. गोम तिथंच होती. पाहुण्यांचं व्यासपीठ असतं जोडी पोचते त्या टोकाला. टोचाटोची होते ती जोडी सुटते त्या टोकाला. व्यासपीठावरून दिसते ती आधी धूळ, मग धुळीतून येणारे बैल, आणि तोवर कुणीतरी फेटा बांधायला घेतलेला असतो. माणूस फोडण्यासाठी आपल्याकडे उगाच लाचेचं नाव घेतात. खुर्ची पुरते. दर वर्षी संध्याकाळी माणिक सगळ्या अटी पाळल्याचं लिहून सही करायचा, आणि प्रामाणिकपणे करायचा. त्याने वावगं काही पाहिलेलंच नसायचं.

मग एका वर्षी, पटाच्या दुसऱ्या दिवशी, सुदाम आपला जिंकलेला बैल त्याच्याकडे घेऊन आला. मागच्या मांडीवर सूज होती, रक्त सुकलेलं होतं. कुंपणाचा काटा लागला, असं सुदाम म्हणाला. मी तिथंच चहा घेत बसलो होतो. माणिकने जखमा धुतल्या, बोट फिरवलं, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून फिरवलं. ताज्या जखमांच्या खाली जुन्या, भरून आलेल्या जखमांच्या गाठी होत्या, आणि त्यांच्याखाली आणखी जुन्या. सुदाम गेल्यावर तो मला म्हणाला, "खालच्या गाठी माझ्या पहिल्या सत्काराच्या आहेत."

पुढच्या पटाला तो व्यासपीठावर गेलाच नाही. शेताच्या बांधाने चालत सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी सोबत होतो. भोंग्यावर पुकारा सुरू झाला की सन्माननीय डॉक्टरसाहेबांनी जिथं असतील तिथून व्यासपीठाकडे यावं. तो गेला नाही, तर पोरांनी खुर्ची तिथंच आणली. तो बसला नाही, तर शालही तिथंच आणली. शेवटी सुदाम स्वतः आला.

"काका, काहून असं करून राहिले? तुमी इथं उभे राहिले तर बैल पळंल कसा?"

"पायांनं."

"गावाची इज्जत हाय, काका. जरा तिकडं बसा. सावली हाय, पंखा हाय."

"मला उन्हात बराबर दिसतं," माणिक म्हणाला.

पहिल्या दोन-तीन जोड्या अशा निवांत गेल्या की प्रेक्षक हसायला लागले. मग सुदामची जोडी आली. हाकणाऱ्याने सवयीने हात मागे नेला आणि माणिकने तो हात वरच्या वर धरला. मुठीत लाकडी ठोकळा होता, ठोकळ्याला खिळे. पट बंद पडला नाही. आमचा गाव इतका हळवा नाही. पण माणिक तो ठोकळा रुमालात बांधून ठाण्यात गेला. तिथल्या हवालदाराने त्याला पाणी दिलं, कलम काढलं, वाचलं आणि समजावलं, "साहेब, यात जेवढा दंड आहे तेवढ्यात आपला दोघांचा नाश्ता होणार नाही. कशाला तकलीफ घेता?" माणिक म्हणाला, दंड वाढवायचं दिल्लीवाल्यांनी बघावं, तुम्ही आधी गुन्हा लिहा. तो दोन्हींच्या मागे लागला. कायदा कडक करा म्हणून अर्ज करत राहिला, आणि आहे तो कायदा वापरा म्हणून हिंगोलीला कोर्टात खेटे घालत राहिला. अर्जांना पोच मिळाली. खेट्यांना तारखा मिळाल्या.

पंचनाम्यावर सह्या करणारे दोघे गावातलेच होते. त्यांना गावातच राहायचं होतं. कोर्टात त्यांनी सांगितलं, आम्ही फक्त धूळ पाहिली. उरला माणिक एकटा. गावाने त्याला वाळीत टाकलं नाही, आता तसं कुणी करत नाही. त्याला कुठं बोलावणं बंद झालं, एवढंच. शाळेचं झेंडावंदन, सप्ताहाची सांगता, कुठल्याच मांडवात त्याची खुर्ची राहिली नाही. त्याला याचं वाईट वाटायचं. इतका ताठ माणूस, पण पंधरा ऑगस्टला इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसून राहायचा. औंढ्याला दर्शनाला जाताना गाडीत तो मला साक्ष पाठ म्हणून दाखवायचा. कुठं उभा होतो, हात कुणाचा, मुठीत काय. "उलट तपासणी कर माझी," म्हणायचा. मी विचारायचो, पुतण्याशी वैर आहे का? तो म्हणायचा, नाही, त्याच्या बैलाशी ओळख आहे.

ती साक्ष झालीच नाही. माणिक गेल्यावर मी सरकारी वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले, ठोकळा आहे, पण तो कुणाच्या मुठीत होता हे सांगणारा माणूस नाही, बघू. मी तिथं होतो, साक्षीदारांत माझं नाव का घेत नाही, असं विचारलं. तसा अर्ज द्यावा लागेल, म्हणाले. दिला आहे. सुदामला ते कळलं तेव्हा तो घरी येऊन नम्रपणे बसला, चहा घेतला, आणि जाताना म्हणाला, "काका गेले, आता तुमी तरी आराम करा ना." माझी झोप तेव्हापासून नीट नाही.

गेल्या आठवड्यात पट झाला. मी त्याच टोकाला जाऊन उभा राहिलो. मी पाणी प्यायला वळेपर्यंत थांबायचं आणि मग जोडी सोडायची, एवढंच हाकणाऱ्यांनी केलं. मी पाणी प्यायचं सोडलं, तेव्हा ते मुकाट न टोचता पळवू लागले. व्यासपीठावर माणिकचा मोठा फोटो होता, फेटा बांधलेला, हार घातलेला, खांद्यावर शाल सोडलेली. पट त्याच्या स्मृतीला अर्पण केला होता. फोटोचं तोंड अर्थातच जोडी पोचते त्या टोकाकडे होतं. सुदामचा आवाज भाषणात दाटून आला, आणि मला वाटतं तो खराच दाटला होता.

संध्याकाळी मंडपवाल्याने टेम्पोत खुर्च्या भरल्या, त्यांत फोटोही गेला. परवा वहिनी हिंगोलीला त्याच्या गोदामात जाऊन तो घेऊन आल्या. शाल मंडपवाल्याचीच होती, ती त्याने काढून ठेवली.