हळद बंद

झुंबरबाईचा राग शिरपूर तालुक्यातल्या त्या गावात घरोघरी माहीत होता. बाळंतिणीला शेक द्यायला आणि तान्ह्याला न्हाऊ घालायला ती यायची, आणि पाणी जरा कोमट निघालं तर सासवांनाही झापून काढायची. तीस वर्षं हेच काम. बाळाच्या शीवरून पोटात काय चाललंय ते झुंबरबाई ओळखते, असा तिचा लौकिक होता. हाच लौकिक एका तान्ह्या पोरीच्या जिवावर उठला.

पोर सारिकाची, पहिलीच. पंधराव्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसले, तेव्हा झुंबरबाईने नेहमीचा हुकूम सोडला: बाळंतिणीच्या जेवणातली हळद बंद. पिवळं खाल्लं की ते दुधातून उतरतं आणि कावीळ वाढते, म्हणे. सारिका बिचारी महिनाभर पांढरं वरण आणि फिकी भाजी गिळत राहिली. मग पोरीची शी पांढरी व्हायला लागली, थेट चुन्यासारखी. सारिकाची सासू, अक्का, हरखून गेली. पोटातलं पिवळं निघालं म्हणून तिने झुंबरबाईला लुगडं नेसवलं, आणि ही बाई ते मिरवत गल्लीभर हिंडली. ते लुगडं तेव्हाच चुलीत घालायला हवं होतं.

एक्कावन्नाव्या दिवशी गावची आशा कार्यकर्ती दिपमाला पोरीचं वजन घ्यायला आली. तिने लंगोट पाहिला आणि आजच्या आज धुळ्याला न्या म्हणाली. झुंबरबाई तिच्या अंगावर धावून गेली. कालची पोर, मला शिकवते काय? दिपमालाही कमी तापट नव्हती. तिने झुंबरबाईला दंडाला धरून ओसरीच्या कडेला नेलं आणि दातओठ खात समजावलं. यकृताच्या पेशी पित्त तयार करतात. दोन पेशींच्या मधून केसाहून कितीतरी बारीक वाटा जातात, त्यांतून ते झिरपतं. या वाटा एकमेकींना मिळत मोठ्या नळीला लागतात आणि नळी आतड्यात उतरते. शीला पिवळा रंग येतो तो या पित्ताचाच. शी पांढरी, म्हणजे पित्त बहुतेक बाहेरच पडत नाही. आत तुंबून ते यकृत खराब करतं आणि रक्तात चढतं. डॉक्टर तपासून काय ते सांगतील, पण नळी बंद असली तर साठ दिवसांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं.

ठिबकच्या नळ्यांची छिद्रं बुजली की झाडं कोरडी राहतात आणि मागचा जोड फुटतो, हे झुंबरबाईने मुलाच्या केळीत कैक वेळा पाहिलं होतं. तिला सगळं एका झटक्यात कळलं आणि अंगाची आग झाली. पिवळ्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, आणि ती त्याचाच आनंद करत बसली होती.

अक्का मात्र हलायला तयार नव्हती. चार दिवस वर्गात बसून आलेली ही पोरगी खरी, की तीस वर्षांची झुंबर खरी? उतार पडला असं झुंबरनेच तर सांगितलं होतं. सारिकाचा नवरा कुंदन नुसता आईच्या तोंडाकडे बघत उभा होता. दारात बायका जमल्या, त्यांत शेजारची मेघाही होती.

मेघाला पाहिल्यावर झुंबरबाईला राग कुणावर काढावा हा प्रश्नच उरला नाही; तो स्वतःवरच होता. बारा वर्षांपूर्वी मेघाच्या मुलाची शी अशीच पांढरी होती. सात महिन्यांचा होऊन, पोट फुगून तो गेला. तेव्हा झुंबरबाईने चारचौघींत सांगितलं होतं की मेघाने चोरून हळदीची भाजी खाल्ली. खाल्लीही होती तिने, एकदाच, तोंडाला चव नाही म्हणून.

झुंबरबाई अंगणाच्या मधोमध उभी राहिली. "मी चुकनी, अक्का. हयदना काहीच दोष नही. पोरनं पित्त आतमा कोंडायेल शे, आजच धुयाले लई जा. मेघाना पोरगाबी असाच गया. मेघानी हयद खादी म्हनीसन नही, मी दवाखानामा जाऊ दिधं नही म्हनीसन."

मग सारिकाच उठली, पोरीला दुपट्यात गुंडाळून चालायला लागली आणि कुंदन तिच्यामागे रिक्षा बघायला पळाला. धुळ्याहून त्यांना पुढे मुंबईला पाठवलं. छप्पन्नाव्या दिवशी ऑपरेशन झालं, आतडं थेट यकृताला जोडलं. पोर आता रांगते, डॉक्टर अजून तपासणीला बोलावतात.

त्या दुपारी मात्र रिक्षा गेली, बायका पांगल्या आणि मेघा तिथेच उभी राहिली. तिने चार शिव्या घालाव्यात, दोन थोबाडीत माराव्यात, म्हणून झुंबरबाई तिच्यासमोर मान खाली घालून थांबली.

"बारा वरीस व्हयनात, मावशी," मेघा म्हणाली. "मी आजूनबी हयद खात नही."