टेकाम काका आणि डोंगरातलं घर

टेकाम काका त्या रिकाम्या गुहेच्या तोंडाशी चपला काढायचे आणि आत बघून मोठ्यानं विचारायचे, "हाय का गा घरी? दोघं आलो." मग खरंच थांबायचे, कोणीतरी "या" म्हणेपर्यंत थांबतात तसे. मग आत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी फस्सकन हसले.

"काहून हासतं वं? तुह्या घरात कोणी असंच घुसलं तर?"

काकांचं नागपूरजवळच्या वाडीत ताडपत्री शिवायचं दुकान, अमरावती रोडच्या गोडाऊनांमागे. वरच्या खोलीत मी भाड्यानं राहते. दिवसभर ट्रकवाले दारात, "चाचा, अर्जंट है!" आणि काका दातात दोरा धरून, "गाडी अर्जंट असन, सुई नाही हाय." रविवारी मात्र दुकान बंद करून ते कुठेतरी जायचे. मी इतकी मागे लागले, इतकी मागे लागले, की शेवटी एका रविवारी काका माझ्या स्कूटीवर मागे बसले. गावाचं नाव काही सांगितलं नाही. "त्या मोहाच्या झाडापासून डावीकडे", "आता म्हशी बसल्या तिकडून", असं करत दीड तास!

डोंगर काळ्या दगडाचा, म्हणजे सगळा जुना थिजलेला लाव्हाच. पावसाळ्यात तीन बाजूंनी तलाव चढतो आणि त्याचं जवळपास बेट होतं. गुहेचं छत धुरानं काळं, भिंतीत दिव्याचा कोनाडा, खाली दगडात वाटीएवढे खळगे. आणि कोपऱ्यात ओळीनं ठेवलेले नदीतले गुळगुळीत गोटे. ते काकांचे पूर्वज. काका गोंड. त्यांचे लोक आधी इथेच राहायचे, मग खाली गावात गेले, पण म्हातारे घर सोडायला तयार झाले नाहीत, असं काका सांगायचे. पूजा म्हणजे मूठभर तांदूळ, मोहाची दोन फुलं आणि घरच्या गप्पा. "सुनेले आता बरं वाटून राहिलं." शेंदूर नाही, घंटा नाही, काही नाही.

"ह्या खळग्यात आमच्या आजीनं मोह कुटला," ते म्हणाले.

"किती हजार वर्षं झाली असतील काका?"

"बाईचं वय इचारते का कोणी?"

मी फोन काढला तर म्हणाले, "काढ फोटो, मले काही नाही. पन कोणाले बोलावू नोको. घर लहान हाय."

मी बोलावलं नाही. मी फक्त व्हिडिओ टाकला. एवढं भारी आपल्या नागपूरजवळ आणि कोणालाच माहीत नाही, मला राहवेच ना! गावाचं नाव मलाच माहीत नव्हतं, तर कुठून लिहिणार? पण सुरुवातीला तलाव दिसत होता. खाली कमेंटमध्ये कोणीतरी विचारलं, लोकेशन? दुसऱ्यानं तलाव ओळखून गावाचं नाव लिहिलं, वाट पण लिहिली. मी त्याला लाल बदाम दिला.

महिनाभरानं आम्ही गेलो तेव्हा गोटे नारिंगी झालेले. प्रत्येकाला शेंदूर, चांदीचे डोळे चिकटवलेले, गळ्याशी हार. वर एक पितळी घंटा. खळग्यांत तेल ओतून वाती लावलेल्या.

व्हिडिओचं मी काकांना तिथेच सांगितलं. आणि वर काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हटलं, "काका, निदान कोणी दारू पिऊन घाण तर नाही ना केली."

"दारू पिऊन घाण केली असती तं धुतलं असतं वं. हे तं पाया पडून गेले. ह्यायले काय म्हनू?"

त्यांनी एक गोटा मांडीवर घेऊन शर्टाच्या टोकानं पुसायला सुरुवात केली. शेंदूर निघेना, नुसता पसरला. "म्हाताऱ्याचं तोंडच ओळखू नाही येऊन राहिलं," म्हणाले आणि पुसत राहिले. माझ्यावर ओरडले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. दुकानात भेटले की "जेवली का वं पोरी?" तसंच.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच मला स्कूटी काढायला सांगितली. आठवडाभर बसून हिरव्या ताडपत्रीची एक पिशवी शिवली होती, दुहेरी टाक्यांची. गुहेत जाऊन एकेक गोटा तिच्यात ठेवला. घंटेला हात लावला नाही. पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले, स्कूटी एका बाजूला ओढत होती.

डांबरी रस्त्याच्या फाट्यावर म्हणाले, "इथं उतरव मले."

"काका, एवढं ओझं? कुठं न्यायचे ते सांगा, मी सोडते ना."

"नाही. तू जाय घरी."

"मग परत कसे याल?"

"येतो मी. तू जाय आधी."

मी निघाले. वळणाच्या आधी आरशात बघितलं. काका पिशवी खांद्यावर घेऊन फाट्यावरच उभे होते, माझी गाडी दिसेनाशी व्हायची वाट बघत.